सहा दिवस आणि दूरचे तारे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मी आठ इंची दुर्बीण मांडतो. शनीची कडी पाहून माणसं क्षणभर गप्प होतात, आणि मग कोणीतरी हमखास म्हणतं, "पण बायबलात तर वेगळंच आहे ना?" चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, रापणीचा दोर ओढून झाल्यावर, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांकडून, आणि सगळ्यात जास्त फोनवर, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी ख्रिस्ती घरातला, आकाशाचा हौशी. धर्मशास्त्री नाही आणि शास्त्रज्ञही नाही.

१. निर्मितिवादी म्हणजे कोण? देवाने जग घडवलं असं मानणारे सगळेच ना?

तसं धरलं तर मीही त्यात आलो. पण या पानावर 'निर्मितिवादी' म्हणजे एक ठरावीक मंडळी. बायबलातल्या पहिल्या, उत्पत्तीच्या पुस्तकातले निर्मितीचे सहा दिवस चोवीस तासांचेच आणि अख्खं विश्व सहा ते दहा हजार वर्षांचं, असं ती मानतात. बहुतेक जण अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या प्रोटेस्टंट परंपरेतले. या चळवळीचं आजचं रूप दिसू लागलं ते १९६१ साली, जॉन व्हिटकम आणि हेन्री मॉरिस यांचं नोहाच्या जलप्रलयावरचं पुस्तक आलं त्यानंतर. त्यांच्यात खगोलशास्त्रात पीएचडी केलेले लोकही आहेत, तेव्हा त्यांना अडाणी समजून हसण्यावारी नेऊ नका. आकाशात काय दिसतं यावर त्यांचं आणि इतर खगोलशास्त्रज्ञांचं फारसं भांडण नाही. भांडण आहे ते या सगळ्याला किती काळ लागला, यावर.

२. सहा हजार हा आकडा बायबलात कुठल्या ओळीत आहे?

कुठल्याच नाही. तो बेरीज करून काढलेला आहे. उत्पत्तीच्या ५व्या आणि ११व्या अध्यायांत वंशावळी आहेत : अमुक इतक्या वर्षांचा असताना त्याला तमुक झाला. ही वयं जोडत गेलं की आदामापासून अब्राहामापर्यंतचा हिशेब लागतो. आयर्लंडमधल्या आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली हा हिशेब छापला आणि सृष्टीचा आरंभ इ.स.पू. ४००४ वर आणून ठेवला, तोही ऑक्टोबर महिन्यासकट.

मात्र बेरीज कुठल्या प्रतीवरून करता, यावर उत्तर बदलतं. हिब्रू प्रतीत मुलगा शेथ जन्मला तेव्हा आदाम १३० वर्षांचा, तर जुन्या ग्रीक भाषांतरात २३० वर्षांचा. असे फरक साचत जातात. बायझंटाइन ख्रिस्ती त्यामुळेच आरंभ इ.स.पू. ५५०९ धरत. ज्यूंचं पंचांग इ.स.पू. ३७६१ धरतं, त्यांचं ५७८६वं वर्ष २०२५च्या शरदात लागलं. अलिबाग-रेवदंड्याकडचे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून आपले लोक 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्याकडचं पंचांग कधी चाळायला मिळालं तर हा आकडा पाहा. म्हणजे एकाच ग्रंथाच्या वाचकांत सतराशे वर्षांचा फरक.

३. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आकाशाबद्दल नेमकं काय लिहिलंय?

पहिल्या दिवशी प्रकाश. दुसऱ्या दिवशी अंतराळ, हिब्रूत 'रकिया', वरचं पाणी आणि खालचं पाणी वेगळं करणारं. चौथ्या दिवशी दिवस-रात्र वेगळे करायला आणि चिन्हं, ऋतू, दिवस, वर्षं कळायला आकाशातल्या ज्योती : एक मोठी, एक लहान, आणि जाता जाता तारेही.

मला यात सगळ्यात जास्त भावतं ते हे, की सूर्य आणि चंद्र यांची नावंच घेतलेली नाहीत. शेजारची राष्ट्रं त्यांना देव मानून पूजत होती. लिहिणाऱ्याने त्यांना नुसत्या 'ज्योती' म्हणून कामाला लावलं. ऋतू कळण्यासाठी तारे, ही गोष्ट आपल्या शेतकऱ्याला वेगळी समजावावी लागत नाही. मृग लागला की पेरणी. गंमत म्हणजे मृग लागतो तेव्हा मृग दिसत नाही, कारण सूर्य नेमका तिथेच उभा असतो. आणि पावसाच्या ढगांत तसंही काय दिसणार!

४. सूर्य चौथ्या दिवशी, तर आधीच्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ कशाने झाली?

हा प्रश्न चर्चचा जुना धर्मशास्त्री ऑगस्टीन याला इ.स. ४००च्या सुमारासच पडला होता. त्याचं मत असं झालं की देवाने सगळं एकाच वेळी निर्मिलं आणि 'दिवस' ही सांगण्याची रीत आहे. निर्मितिवादी म्हणतात, सूर्य नसला तरी पहिल्या दिवसाचा प्रकाश होता, पृथ्वी स्वतःभोवती फिरत होती, तेवढं पुरे. शिवाय बायबलातल्या निर्गमच्या २०व्या अध्यायात शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवशी विश्रांतीच्या, आज्ञेला सहा दिवसांचा दाखला दिलाय, आणि तो आपल्या आठवड्यासारखाच वाचला पाहिजे. त्यांचा खरा आधार हाच, आणि तो कमकुवत नाही. जे पृथ्वी जुनी मानतात ते हिब्रू 'योम' (दिवस) शब्दाचा लांब अर्थ घेतात, नाहीतर पूर्ण अध्यायच काव्यासारखा रचलाय असं म्हणतात : पहिले तीन दिवस जागा तयार करण्याचे, पुढचे तीन त्या भरण्याचे. पहिला आणि चौथा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि सहावा अशा जोड्या लावून वाचून पाहा.

५. तारे इतके दूर आहेत हे कळलं कसं? कोण टेप लावायला गेला होता?

टेप आपल्याच पायांखाली आहे. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांवर दीपगृह आहे. किनाऱ्यावरून चालत गेलात की ते मागच्या क्षितिजाच्या तुलनेत सरकलेलं दिसतं. किती चाललात आणि ते किती सरकलं हे मोजलं की भूमिती अंतर सांगते, होडी न काढता. याला पराशय म्हणतात. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या पलीकडच्या बाजूला पोचते, म्हणजे आपण सुमारे ३० कोटी किलोमीटर चालून आलो. तेवढ्या चालीत जवळचा तारा किंचित सरकतो. फ्रीड्रिख बेसेल यांनी १८३८ साली हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा पराशय असा मोजला. अंतर निघालं सुमारे ११ प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात जेवढा जातो ते एक प्रकाशवर्ष). गाया या युरोपीय यानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची जंत्री केली.

त्यापलीकडे ठरावीक लयीत कमीजास्त होणारे सेफीड तारे कामाला येतात. त्यांच्या लयीवरून खरं तेज कळतं, हे हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२मध्ये दाखवलं. खरं तेज आणि दिसणारं तेज यांच्या फरकातून अंतर. निर्मितिवादी खगोलशास्त्रज्ञ ही अंतरं मान्य करतात. 'तारे मुळात जवळच आहेत' असं कोणी सांगितलं तर तो त्यांच्यातलाही जाणकार नाही.

६. मग लाखो प्रकाशवर्षांवरचा प्रकाश सहा हजार वर्षांत आपल्यापर्यंत पोचला कसा?

हीच ती गाठ. बाकीचे सगळे प्रश्न हिच्यापुढे लहान आहेत.

प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. त्याला वेग असतो हेच मुळी १६७६ साली ओले रोमर यांना गुरूच्या चंद्राची ग्रहणं उशिरा होताना पाहून कळलं. देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या रात्री ती साध्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तो ठिपका २५ लाख वर्षं जुना.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : साध्या डोळ्यांना सुटे सुटे दिसणारे तारे जवळपास सगळेच काही हजार प्रकाशवर्षांच्या आत आहेत. कृत्तिका सुमारे ४४०वर, दक्षिणेचा अगस्त्य सुमारे ३१०वर. नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्या माणसाला सहा हजार वर्षं खटकण्याचं काही कारणच नव्हतं. गाठ पडली दुर्बीण आल्यावर.

निर्मितिवाद्यांनी ती सोडवायला जे मार्ग काढले, त्यांतला सगळ्यात जुना म्हणजे प्रकाश वाटेतच निर्माण केला होता (प्रश्न ७). दुसरा, प्रकाशाचा वेग पूर्वी प्रचंड होता आणि तो कमी होत आला. हे ऑस्ट्रेलियातल्या बॅरी सेटरफील्ड यांनी १९८१च्या सुमारास मांडलं. जुन्या मोजमापांतल्या चुकांनाच त्यांनी उतार समजलं, हे इतर निर्मितिवाद्यांनीही दाखवून दिलं, आणि ही कल्पना आता मागे पडली आहे. तिसरा, रसेल हम्फ्रीज यांचा, १९९४चा : पृथ्वी विश्वाच्या मध्याजवळ, तिथल्या गुरुत्वामुळे इथलं घड्याळ मंद, बाहेर कोट्यवधी वर्षं गेली तरी इथे थोडे दिवसच. आइन्स्टाइनचंच गणित वापरलेलं असल्यामुळे मला हा मार्ग सुरुवातीला फार आवडला होता. पण इथलं घड्याळ मंद असतं तर दूरचा प्रकाश निळ्याकडे सरकलेला दिसायला हवा. दिसतो लालकडे सरकलेला. चौथा मार्ग जेसन लायल यांचा. तो अवघड आहे, त्याला वेगळा प्रश्न दिलाय (प्रश्न ८).

पाचवा डॅनी फॉकनर यांचा, २०१३चा : चौथ्या दिवशी देवाने प्रकाश चमत्काराने झटकन इथवर आणला, जसं तिसऱ्या दिवशी झाडं झटकन वाढवली. मला यात सगळ्यात जास्त प्रामाणिकपणा दिसतो. चमत्कार म्हटलं की दुर्बिणीतून तपासायला काही उरत नाही, आणि तपासता येतं असा आवही आणावा लागत नाही.

७. आदाम जन्मतःच मोठा माणूस होता, तसा प्रकाशही वाटेवरच तयार केला असेल, यात काय अडचण?

असा विचार १८५७ साली फिलिप गॉस यांनी इंग्लंडात पुस्तकभर मांडला होता : आदामाला बेंबी होती की नव्हती? तेव्हा तो श्रद्धावंतांनाही रुचला नाही आणि नास्तिकांनाही नाही. अडचण १९८७मध्ये अगदी समोर येऊन उभी राहिली.

त्या वर्षी २३ फेब्रुवारीला मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत, एक तारा फुटला. हा मेघ सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर आहे, आपल्या दक्षिण क्षितिजाला अगदी चिकटून, धुक्यात हरवलेला. जपान, अमेरिका आणि रशियातल्या यंत्रांनी प्रकाशाच्या काही तास आधी त्याचे न्यूट्रिनो, म्हणजे स्फोटातून सुटलेले अतिसूक्ष्म कण, टिपले. ताऱ्याभोवती वायूचं एक कडं होतं. स्फोटाचा उजेड त्याच्यापर्यंत पोचून ते कडं काही महिन्यांनी उजळलं, त्यावरून कड्याचा आकार कळला. हबल दुर्बिणीने ते आकाशात किती मोठं दिसतं ते मोजलं, आणि पुन्हा भूमितीने अंतर निघालं. मग तो प्रकाश मंदावत गेला तो ७७ दिवसांत निम्मा या चालीने. प्रयोगशाळेत कोबाल्ट-५६ हे किरणोत्सारी मूलद्रव्य नेमकं याच चालीने क्षय पावतं.

आता, प्रकाश वाटेतच निर्माण केला असेल तर तो तारा कधी फुटलाच नाही. न फुटलेल्या ताऱ्याची सगळी कहाणी, न्यूट्रिनो आणि कोबाल्टसकट, देवाने आकाशात लिहून ठेवली असं म्हणावं लागतं. आकाश देवाचा महिमा सांगतं असं बायबलातलं १९वं स्तोत्र म्हणतं. न घडलेलं सांगणारं आकाश त्यात बसवायला मला जमत नाही. कित्येक निर्मितिवाद्यांनाही जमलं नाही, म्हणून तर त्यांनी प्रश्न ६मधले बाकीचे मार्ग शोधले.

८. प्रकाशाचा एका दिशेचा वेग कोणी मोजलेलाच नाही म्हणे. मग तो आपल्याकडे येताना अनंत असू शकतो ना?

हा प्रश्न विचारणारा सावंतवाडीच्या कॉलेजात फिजिक्स शिकतो, आणि त्याचं निम्मं म्हणणं बरोबर आहे.

समजा तुम्ही एसटीने वेंगुर्ल्याहून कणकवलीला जाऊन परत आलात. घड्याळ एकच, तेही घरच्या भिंतीवर. जाऊन-येऊन किती वेळ लागला ते कळेल. जाताना किती आणि येताना किती, हे कळायला कणकवलीतही घड्याळ हवं, आणि ते घरच्या घड्याळाशी जुळवलेलं हवं. प्रकाशाचं तसंच आहे. दोन घड्याळं जुळवायला पुन्हा प्रकाशच लागतो. आइन्स्टाइन यांनी १९०५मध्ये साफ सांगितलं होतं की दोन्ही बाजूंना सारखा वेग धरणं हा आपण केलेला ठराव आहे. लायल यांनी २०१०मध्ये दुसरा ठराव मांडला : येताना वेग अनंत, जाताना निम्मा. सरासरी तीच. मग देवयानीचा प्रकाश निघाला त्याच क्षणी पोचला.

हे चुकीचं म्हणता येत नाही. पण ठराव बदलून विश्व बदलत नाही, वेळेची नावं बदलतात. आणि या ठरावात एक गोष्ट मोजता येते : सगळ्या दीर्घिका त्याच चौथ्या दिवशी घडलेल्या, म्हणजे आज दिसणारी प्रत्येक दीर्घिका आपल्याच वयाची दिसायला हवी. प्रत्यक्षात फार दूरच्या दीर्घिका लहान, वेड्यावाकड्या आणि जड मूलद्रव्यं कमी असलेल्या दिसतात. शिवाय हस्त नक्षत्रात दोन दीर्घिका एकमेकींवर आदळून त्यांतून ताऱ्यांच्या लांबलचक शेपट्या बाहेर पडल्या आहेत. त्या शेपट्या एवढ्या लांब व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात. प्रकाश कितीही झटकन आला तरी तारे झटकन चालत नाहीत.

९. चंद्र दरवर्षी दूर जातोय. मागे मोजत गेलं तर तो पृथ्वीला टेकेल. मग जग जुनं कसं?

चंद्र जातोय हे खरं : वर्षाला ३.८ सेंटीमीटर. अपोलोच्या यात्रिकांनी ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजतात. आणि त्याला कारण आहे आपलीच भरती-सुकती. पाण्याचा फुगवटा पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्राच्या किंचित पुढे ओढला जातो, तो चंद्राला पुढे खेचतो, आणि पृथ्वीचा फेरा मंदावतो. उधाणाला बंदरावर उभे असाल तेव्हा चंद्र दूर लोटला जाताना पाहताय असं समजा.

जवळ असताना ओढ जास्त, म्हणून निव्वळ भागाकार चालत नाही. ते धरून मागे गेलं तर चंद्र साधारण १४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीला टेकतो, आणि चंद्राचं वय तर ४५० कोटी सांगतात, हा निर्मितिवाद्यांचा मुद्दा. हिशेब बरोबर आहे, गृहीतक नाही. भरतीची ओढ समुद्रांच्या आकारावर अवलंबून असते. वेंगुर्ल्यातल्या भरतीपेक्षा मुंबईची भरती किती तरी मोठी, हे कोणत्याही तांडेलाला विचारा. चंद्र एकच आहे. आजचे महासागर भरतीच्या लयीशी विशेष जुळलेले आहेत. खंड वेगळ्या जागी होते तेव्हा ओढ कमी होती, आणि सुमारे ६२ कोटी वर्षं जुन्या गाळाच्या थरांत भरत्यांच्या रेघा मोजून तेच निघालं.

आणि गंमत बघा : सहा हजार वर्षांत चंद्र जेमतेम सव्वादोनशे मीटर सरकतो. हा मुद्दा जिंकला तरी तो सहा हजारावर नेत नाही.

१०. चंद्रावर धूळ थोडीच सापडली, सूर्य आकसतोय, म्हणजे जग नवंच, असे मेसेज येतात. खरे का?

नाहीत. धुळीचा जुना अंदाज फार मोठा होता, यानांनी मोजल्यावर तो कितीतरी खाली आला. सूर्य आकसण्याची गोष्ट १९७९च्या एका निरीक्षणावरून निघाली आणि पुढच्या मोजमापांत टिकली नाही. हे मुद्दे वापरू नका असं मोठ्या निर्मितिवादी संस्थाच आपल्या लोकांना सांगतात. मेसेज पाठवणाऱ्याला तेवढं कळवा.

११. धूमकेतू दर फेरीला झिजतात. मग अजून शिल्लक कसे?

प्रश्न रास्त आहे. हॅलेचा धूमकेतू ७६ वर्षांनी येतो. १९८६मध्ये आला, आता २०६१मध्ये. प्रत्येक फेरीत थोडं बर्फ उडून जातं, त्यामुळे तो अब्जावधी वर्षं टिकणार नाही हे सगळेच मानतात. म्हणजे नवे कुठून तरी यायला हवेत. निर्मितिवादी म्हणायचे की ते कोठार कोणी पाहिलंय? १९९२मध्ये नेपच्यूनच्या पलीकडे, प्लूटो आणि त्याचा चंद्र सोडून, पहिली वस्तू सापडली, आणि त्यानंतर हजारांनी. याहून दूरचं दुसरं कोठार, ज्याला ऊर्ट मेघ म्हणतात, अजून थेट दिसलेलं नाही. तिथे त्यांचा मुद्दा अंशतः उभा आहे, हे मान्य करायला हवं. पण दूरवरून येणाऱ्या धूमकेतूंच्या कक्षाच त्या दिशेला बोट दाखवतात.

१२. शनीची कडी तरुण आहेत असं आता शास्त्रज्ञच म्हणतात. झालं की!

कॅसिनी यानाच्या शेवटच्या फेऱ्यांनंतर काहींनी कड्यांचं वय सुमारे दहा कोटी वर्षं काढलं. इतरांना ते पटलेलं नाही. वाद चालू आहे. पण 'तरुण' म्हणजे दहा कोटी, आणि ती कडी आहेत, शनी नव्हे. आजोबांच्या घराला नवी कौलं घातली म्हणून आजोबा तरुण होत नाहीत.

१३. महास्फोट मानला की देव नाकारला, असंच ना?

हा सिद्धान्त मांडला एका कॅथलिक पाद्रीने. बेल्जियमचे जॉर्ज लमेत्र यांनी १९२७मध्ये विश्व प्रसरण पावतंय असं दाखवलं आणि १९३१मध्ये ते एका 'आदिअणू'पासून सुरू झालं असं सुचवलं. 'बिग बँग' हे नाव दिलं फ्रेड हॉइल यांनी रेडिओवर १९४९मध्ये, आणि त्यांना सिद्धान्त मुळीच पटत नव्हता. विश्वाला आरंभ आहे हे ऐकून तेव्हा नास्तिकच जास्त अस्वस्थ झाले होते. पोप बारावे पायस यांनी १९५१च्या भाषणात त्याचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा लमेत्रच नाराज झाले : विज्ञानाचा सिद्धान्त उद्या बदलेल, त्यावर श्रद्धा टांगू नये असं त्यांचं म्हणणं. हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

निर्मितिवादी महास्फोट नाकारतात तो मुख्यतः विश्वाच्या १३८० कोटी वर्षांच्या वयामुळे, आणि त्यात तारे पृथ्वीच्या आधी येतात म्हणून.

१४. जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोट खोटा ठरवला, हे खरं का?

नाही. तिने महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतल्या दीर्घिका दाखवल्या, आणि त्या अपेक्षेपेक्षा तेजस्वी निघाल्या. दीर्घिका किती लवकर घडतात याची गणितं त्यामुळे पुन्हा मांडावी लागताहेत. विश्वाच्या वयाला धक्का लागलेला नाही. ही दुर्बीण उडाली २०२१च्या नाताळच्या दिवशी. त्यावरूनही मला दोन चमत्काराचे मेसेज आले.

१५. नासाच्या संगणकाला यहोशवाचा 'हरवलेला दिवस' सापडला होता ना?

दंतकथा. बायबलातल्या यहोशवाच्या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात गिबोनावर सूर्य आणि अयालोनच्या खोऱ्यावर चंद्र थांबल्याची गोष्ट आहे. दिवस 'हरवला' हे कळायला आधीचा एखादा पक्का संदर्भ लागतो, आणि तो संगणकाला कोण देणार? प्रश्न १०मधली सूचना इथेही लागू : निर्मितिवादी संस्था ही गोष्ट सांगू नका असंच म्हणतात. १६३३मध्ये गॅलिलिओवर खटला चालला त्या वादात हाच उतारा सूर्य फिरतो याचा पुरावा म्हणून पुढे केला जात होता, तेवढं लक्षात ठेवा.

१६. बायबलप्रमाणे पृथ्वी सपाट आहे का?

फॉकनरसारखे निर्मितिवादीच सपाटवाल्यांशी भांडतात. बाकी, ट्रॉलर क्षितिजाकडे जाताना आधी खोड बुडतं आणि मग डोलकाठी, हे वेंगुर्ल्याच्या कुठल्याही पोराला माहीत आहे.

१७. बेथलेहेमचा तारा खरंच होता का?

नाताळात काठ्या आणि पतंगी कागदाचा तारा बांधताना हा प्रश्न येतोच. हेरोद इ.स.पू. ४च्या सुमारास वारला, म्हणजे येशूचा जन्म त्याआधीचा. इ.स.पू. ७मध्ये गुरू आणि शनी मीन राशीत तीनदा जवळ आले. केप्लर यांनीही त्या युतीचा विचार केला होता. २१ डिसेंबर २०२०च्या संध्याकाळी हेच दोन ग्रह चंद्राच्या व्यासाच्या पाचव्या भागाइतके जवळ आलेले आपण पश्चिमेला समुद्रावर पाहिले.

पण शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगतो की तारा पुढे चालला आणि बालक होतं तिथे येऊन थांबला. कुठलाही ग्रह एका घरावर येऊन थांबत नाही. म्हणून बहुतेक निर्मितिवादी त्याला सरळ चमत्कार म्हणतात, आणि मजकूर वाचता ते सोपं वाटतं.

१८. हेलियम आपल्या विजयदुर्गात सापडला. त्याचा या वादाशी काही संबंध?

देवगडवाले रागावतील, पण आधी दुरुस्ती. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास सूर्यग्रहण या पट्ट्यातून गेलं आणि विजयदुर्ग किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' अजून दाखवतात. सूर्याच्या प्रकाशपटातली, पुढे हेलियमची ठरलेली पिवळी रेषा ज्यांनी टिपली त्यांत प्रमुख नाव पिअर जान्सेन यांचं, आणि ते होते गुंटूरला. नॉर्मन लॉकियर यांनी ती त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून पाहिली.

आता संबंध. विश्वातल्या साध्या पदार्थाचा सुमारे चौथा हिस्सा वजनाने हेलियम आहे. एवढा हेलियम ताऱ्यांनी आजवर तयार केला नसता. महास्फोटाच्या पहिल्या काही मिनिटांत तो बनला असं गणित सांगतं, आणि आकडा जुळतो. निर्मितिवादी म्हणतात, देवाने तो तसाच घातला. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचा हेलियम होतो आणि तो किती साचलाय हे सूर्याच्या कंपनांवरून मोजतात. त्यावरून सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं येतं.

१९. आमच्या पुराणातला कल्प ४३२ कोटी वर्षांचा. म्हणजे आम्ही बरोबर आणि तुम्ही चुकलात!

शेजारचे काका हे दर वर्षी होळीला म्हणतात. आकडा पृथ्वीच्या ४५४ कोटींच्या जवळ आहे खरा. पण तो कोणी खडक मोजून काढलेला नाही. चार युगांच्या गुणाकारातून आलाय, जसा अशर यांचा बेरजेतून (प्रश्न २).

२०. कॅथलिक चर्चचं म्हणणं काय?

सहा हजार वर्षं मानायचं बंधन नाही. व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१मध्ये तिची पुनर्स्थापना केली आणि आज तिची मोठी दुर्बीण अमेरिकेत ॲरिझोनात आहे. आपल्याकडचं एक उदाहरण : फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, त्यात सृष्टीची उत्पत्ती येते. ते छापलं १६१६ साली, आणि त्याच वर्षी रोममध्ये, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसच्या पुस्तकावर बंदी आली. गोव्यातल्या रायतूरच्या छापखान्यात आणि रोमच्या कचेरीत त्या वर्षी काय काय चाललं होतं, हे आठवलं की मला हसू येतं.

२१. मुलाने परीक्षेत काय लिहावं?

पुस्तकात आहे ते. घरी काय मानता ते घरी सांगा, मुलाचे मार्क त्यात घालवू नका.

२२. तुम्ही स्वतः काय मानता? आडवळणाने नको.

देवाने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, हे मानतो. सहा हजार वर्षं मानत नाही, मुख्यतः प्रश्न ७मुळे. सहा हजार मानणारे माझ्या घरात आहेत, एका ताटात जेवतो. एकदा एका प्रार्थना शिबिरात मला दुर्बिणीसकट बोलावलं आणि मी काय बोलणार हे कळल्यावर चहा देऊन परत पाठवलं. त्या रात्री आकाश इतकं निरभ्र होतं की अजून चुटपुट लागते.

२३. हे सगळं स्वतः बघायचं तर कधी यायचं?

अमावास्येच्या आगेमागे, कारण चांदण्यात देवयानी दिसत नाही. नोव्हेंबरच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमारास ती डोक्यावरून थोडी उत्तरेला असते. बायबलातल्या ईयोबाच्या ३८व्या अध्यायात देव ज्यांच्याबद्दल विचारतो त्या कृत्तिका आणि मृग डिसेंबर-जानेवारीत. अगस्त्य फेब्रुवारीत नऊच्या पुढे, दक्षिणेला, माडांच्या शेंड्यांवर. चटई आणा, दव पडतं म्हणून कानटोपी आणा, आणि मोबाइलची टॉर्च कृपा करून खिशातच ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात.